मीठ बरोबर आहे

सोमवार

आज सकाळी मी एक वाक्य बोललो आणि स्वयंपाकघरात घबराट पसरली.

मावशी पोळ्या लाटत होत्या. मी ओट्यापाशी चहाची वाट बघत उभा होतो. शनिवारी ऑफिसात डबा उघडायला साडेतीन वाजले होते. पोळी गार होती, पण वातड नव्हती. कडेला नुसतं बोट लावलं तर पदर सुटला, आणि आतलाही मऊ. तेव्हा मनात आलं होतं की मावशींना सांगायला हवं. आज आठवलं म्हणून सांगितलं.

मावशींचं लाटणं थांबलं. माझ्याकडे न बघता त्या हिला म्हणाल्या, "ताई, काय झालं? दुसरी बाई बघितलीय का?"

त्यांचं चुकलं नाही. नऊ वर्षं त्या आमच्याकडे येतात. एवढ्या काळात त्यांनी माझ्याकडून ऐकलेली वाक्यं साधारण तीन: "उद्या चार जास्त करा", "परवा आम्ही नाही", आणि एकदा, "तेल जरा जास्त होतंय." चौथं वाक्य आलं, तर ते काढून टाकण्याचंच असणार.

हिने समजूत घातली. मग हळूहळू मावशी खुलल्या. घडी घालताना नुसतं तेल लावून भागत नाही, वर कोरडी कणीक भुरभुरावी लागते, तरच पदर वेगळे राहतात. आणि तव्यावरची पोळी थेट डब्यात टाकायची नाही. आधी फडक्यावर. "वाफ कोंडली की पोळीला घाम येतो, दादा." तीन-चार मिनिटं बोलत होत्या. मला वाटायचं या बाई अबोल आहेत.

मंगळवार, रात्री

कालपासून अप्पा डोक्यात आहेत.

आमच्या घरात स्तुतीचा कळस म्हणजे "मीठ बरोबर आहे." अप्पा जेवायला बसले की आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. पहिला घास, मग दुसरा. काहीच बोलले नाहीत तर पास. सणासुदीला, कटाची आमटी फारच जमली असेल तर, "मीठ बरोबर आहे." मला आठवीत गणितात 96 पडले तेव्हा त्यांनी उरलेले चार कुठे गेले ते विचारलं होतं.

आणि हेच अप्पा सवाई गंधर्वला! भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेला हा महोत्सव अप्पांच्या कॅलेंडरात दिवाळीच्या वरचा. 1990च्या आसपास ते मला रमणबागेच्या मैदानावर न्यायचे. शेवटची मैफल तेव्हा रात्रभर चालायची. डिसेंबरची थंडी, सतरंजी, कानटोपी, थर्मासमधला चहा. डोळे मिटून, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसायचे. गायक ताना घेत घेत पार कुठल्या कुठे जायचा, आता हा परत येतो की नाही असं मला वाटायचं, आणि तो बरोब्बर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरायचा. त्याच क्षणी अप्पांचा हात वर जायचा. "आहा!" तो आवाज मी घरात कधी ऐकला नाही.

एकदा शेजारचे एक गृहस्थ तान अर्धीच असताना "वाहवा वाहवा" करायला लागले. अप्पांनी एक डोळा उघडून त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्या कानात म्हणाले, "ह्याला काहीही चालतं." दाद कुठे पडते यावरून ऐकणारा कळतो, हे मी तिथे शिकलो. "छान, छान" म्हणणारा ऐकतच नसतो.

तीनतालाच्या सोळा मात्रांत सम अचूक धरणाऱ्या माणसाला आईच्या आमटीतली सम कळत नसेल? कळत असणार. पण बोलायचं नाही.

आमच्या आजीचं तर याहून वरचं. गुटगुटीत बाळ पुढ्यात आणलं की म्हणायची, "किती वाळलंय गं पोर!" दृष्ट लागू नये म्हणून. दुसरी भीती शेफारण्याची. पाठ थोपटली की पोरगं डोक्यावर बसणार, हे ठरलेलं. शिवाय खोट्या स्तुतीसाठी आपल्याकडे शब्द किती! मस्का, लोणी लावणं, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं, तोंडपुजेपणा, खुशमस्करी, भाटगिरी. खऱ्यासाठी मला आत्ता दाद, शाबासकी आणि कौतुक एवढेच आठवतायत. त्यातल्या कौतुकाचाही आपण टोमणा करतो: "मोठं कौतुक सांगतोय!"

बुधवार

तिमाहीचं काम. रात्री साडेनऊला घरी. काही लिहिण्यासारखं नाही.

गुरुवार

ताईशी फोनवर बोललो. ती साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, चौथीचा वर्ग. पोळीचा किस्सा ऐकून खूप हसली. म्हणाली, "मी वहीवर 'छान' लिहायचं सोडूनच दिलं. पोरं 'छान' मोजतात, वाचत नाहीत." आता ती असं लिहिते: "या वेळी जोडाक्षरं सुटी सुटी काढलीस." "हातचा घ्यायला विसरला नाहीस." एक मुलगा म्हणे तो शेरा घरी नेऊन आजोबांना वाचून दाखवतो, आजोबांना 'हातचा' म्हणजे काय ते समजावूनही सांगतो.

प्रशिक्षणात तिला एक प्रयोग सांगितला होता. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर केलेला, 1998 साली प्रसिद्ध झालेला. सोपी कोडी सोडवल्यावर काहींना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना सांगितलं, तू मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळेच अडले. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तर 'हुशार' मुलांचे गुण पहिल्यापेक्षा घसरले आणि 'मेहनती' मुलांचे वाढले. ताई म्हणाली, हुशार म्हटलं की पोर ती पदवी सांभाळत बसतं.

म्हणजे शेफारण्याची भीती अगदीच खोटी नव्हती तर. पण त्यावरचा उपाय गप्प बसणं हा होता का? आजी असती तर वाद घातला असता. हरलोही असतो.

शुक्रवार

सकाळी ही बहिणाबाईंचं गाणं गुणगुणत होती. बहिणाबाई गेल्या 3 डिसेंबर 1951 रोजी. त्यानंतर सोपानदेवांनी आईच्या कवितांची वही अत्र्यांना दाखवली, आणि हे बावनकशी सोनं आहे म्हणत अत्र्यांनीच ती छापायला लावली. संग्रह आला 1952 मध्ये. अत्र्यांसारखा कंजुषी न करता दाद देणारा माणूस, त्याची एवढी मोठी दाद, आणि जिची वही तीच ऐकायला नाही. सोपानदेवांना दोष द्यावा असंही वाटत नाही. घरातलं माणूस ओव्या म्हणतं, ते कानावर पडतच असतं.

अप्पांच्या दहाव्याला त्यांचे फिरायला जाणारे मित्र आले होते. त्यातले एक आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्या कटाच्या आमटीवर आम्ही इतकी व्याख्यानं ऐकलीत की न खाता चव माहीत आहे." आई बघतच राहिली. सगळे गेल्यावर मला म्हणाली, "मला वाटायचं, मीठ सोडून बाकी सगळं चुकतंय."

त्यावर तेव्हा मी काय बोललो असेन? काही नाही. पाणी आणून दिलं.

आज ऑफिसातून आईला फोन केला. म्हटलं, "तुझ्या आमटीत गोडा मसाला शेवटी पडायचा ना, उकळी आल्यावर? तो वास दारात यायचा. मी सायकल लावतानाच ओळखायचो, आज पुरण." पलीकडे शांतता. मग, "बरं वाटत नाहीये का तुला? ताप बिप आहे का?"

मावशी काय, आई काय.

फोन ठेवताना मात्र म्हणाली, "शेवटी नाही रे. उतरवायच्या आधी पाच मिनिटं. आणि खोबरं भाजूनच." मी लिहून घेतलं.

शनिवार

दाद देणं अवघड, मान्य. पण घेणं? काल लिफ्टमध्ये हिला शेजारच्या काकू म्हणाल्या, "साडीचा रंग सुरेख आहे गं." ही म्हणाली, "अहो, जुनी आहे. सेलमधली." मी वर आल्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं, की समोरचा हातात फूल देतो आणि आपण ते त्याच्यासमोर कचऱ्यात टाकतो वगैरे. हिने ऐकून घेतलं.

आज मावशींनी आल्या आल्या जाहीर केलं, "आज कणीक नवीन गिरणीची आहे. पदर नाही सुटले तर मला बोलू नका." सोमवारच्या वाक्याचं ओझं झालंय बहुतेक. पोळ्या नेहमीसारख्याच होत्या.

जाताना चपला घालत दारात थांबल्या. "दादा, एक सांगू? पाच घरं करते. रात्रीची कढई पाणी घालून भिजवून ठेवणारे तुम्ही एकटे. सकाळी माझं मनगट वाचतं."

मी म्हणालो, "छे छे, त्यात काय एवढं."

आतून ही इतक्या जोरात हसली की मावशी पुन्हा घाबरल्या.