भेंडीवरचे दोन लाल किडे: माझा अनुभव

पावसाळ्यात भेंडीवर लाल ढेकूण येतो, हे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गच्चीवर कुंड्या लावणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. यंदा त्या घोळक्याजवळ एक लाल-काळा किडा निराळा वाटला. बाकीचे शेंगांना चिकटून होते. हा पानामागे एकटा, आणि त्याच्या सोंडेला हिरवी अळी लोंबत होती. शेजारच्या काकू फवारणीचा पंप घेऊनच आल्या होत्या. "काकू, थोडं थांबा. आधी हा कोण ते कळू दे," असं म्हणून त्यांना थांबवलं.

वरून काढलेले फोटो कीटकशास्त्र शिकलेल्या मैत्रिणीला पाठवले. ती म्हणाली, "रंगावर जाऊ नकोस. पोटाकडून फोटो काढ, सोंड दिसली पाहिजे. आणि हातात धरू नकोस, डसला तर बराच वेळ ठणकतं." मग रंगाच्या ब्रशने दोन्ही किडे काचेच्या बाटल्यांत ढकलले आणि खालून भिंग लावलं.

फरक लगेच दिसला. लाल ढेकणाच्या पोटावर पांढरे आडवे पट्टे. सोंड बारीक, सरळ, चार भागांची, पायांच्या मधून मागे टेकवलेली. बियांचा रस शोषायला तेवढी पुरते. दुसऱ्याची सोंड जाड, तीनच भागांची, आकड्यासारखी वाकलेली, आणि तिचं टोक छातीखालच्या खाचेत बसलेलं. त्या खाचेत बारीक आडव्या रेघा असतात. डिवचलं की हा किडा सोंडेचं टोक त्यांवर घासून आवाज करतो. डोकं लांबट, मागे स्पष्ट मान. म्हणजे हा भक्षक ढेकूण, रेड्युविडी कुळातला. या कुळात जगभरात सुमारे ७,००० प्रजाती आहेत.

प्रजातीपाशी मात्र मी बराच अडलो. या किड्याच्या पोटाची कड लाल होती, तर टोमॅटोवर सापडलेल्या तशाच दुसऱ्याची लाल-काळी पट्ट्यांची. दोन प्रजाती की एकच? मैत्रिणीने उलगडा केला: दोन्ही ऱ्हायनोकोरिस मार्जिनॅटस. त्यात लाल कडेचे, काळ्या कडेचे आणि पट्टेवाले असे तिन्ही प्रकार असतात.

तोवर काकूंनी मोबाईलवर 'किसिंग बग'चा व्हिडिओ पाहिला होता. त्यांची काळजी रास्तच होती, घरात नातवंडं आहेत. चागास हा आजार मुख्यतः लॅटिन अमेरिकेतला. तो पसरवणारे ढेकूण, म्हणजेच हे 'किसिंग बग', याच कुळातले असले तरी रक्त पिणाऱ्या वेगळ्या गटातले. आपला हा किड्यांवर जगतो. सोंड टोचली की विषारी लाळ आत जाते, अळी लुळी पडते, आतलं सगळं पातळ होतं आणि तो ते शोषून घेतो. खाली उरते ती नुसती कातडी. ती पाहिल्यावर काकूंनी पंप खाली ठेवला. लाल ढेकूण आम्ही आता साबणाच्या पाण्यात झटकतो.

घाटे अळी आणि तंबाखूवरची पानं खाणारी अळी, दोन्ही याचं खाद्य, म्हणून शेतीत याला मित्रकीटक मानतात. माझ्या मते हा मान त्याला मिळायलाच हवा. पण तो निवड करत नाही. समोर येईल तो मऊ किडा धरतो. पिल्लांना पंख नसतात, पाचदा कात टाकल्यावरच ती प्रौढ होतात, आणि उपाशी राहिली तर एकमेकांनाच खातात. म्हणून पानावरची अंडी फुटल्यावर मी पिल्लं वेगवेगळ्या कुंड्यांत सोडली, दोन काकूंच्या वांग्यावरही.