धंतोलीत मूत्राशयाची बायोप्सी : ‘सकाळी या, संध्याकाळी घरी’वर विसंबू नका

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत, दवाखान्यांच्या भागात, ‘सकाळी या, संध्याकाळी घरी’ हे वाक्य जवळपास प्रत्येक काउंटरवर ऐकायला मिळतं. ऑपरेशनच्या टेबलापुरतं ते खरंही आहे. लघवीच्या वाटेने दुर्बीण मूत्राशयात, चिमट्याने तपासणीसाठी तुकडे, रक्त थांबवायला विजेचा चटका. बहुतेकदा अर्ध्या तासात आटोपतं. खरा त्रास नंतर, लघवीसाठी घातलेल्या नळीपासून (कॅथेटर) सुरू होतो.

तयारी आठवडाभर आधी लागते. लघवीची साधी तपासणी पुरत नाही, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) हवं, आणि त्याला दोन-तीन दिवस जातात. इन्फेक्शन असताना दुर्बीण घातली तर जंतू रक्तात उतरू शकतात, म्हणून रिपोर्ट बिघडला की तारीख पुढे जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. क्लोपिडोग्रेल साधारण 5 ते 7 दिवस आधी थांबवतात, पण हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांचं मत घ्या, तेही लेखी. पुन्हा कधी सुरू करायची, तेही त्याच कागदावर हवं.

‘रात्री बारानंतर पाणीही नको’ हा निरोप सरसकट दिला जातो. साधारण नियम भुलीआधी जेवणाला 6 तास आणि साध्या पाण्याला 2 तास असा आहे. नागपूरच्या मे महिन्यात, नंबर दुपारी असेल तर हा फरक फार मोठा. भूलतज्ज्ञांना थेट विचारा.

पॅकेजबद्दल एकच सांगणं: पॅथॉलॉजी, भूल, नळी-पिशवी आणि रात्रीची खोली आत धरली आहे का, ते आधी लिहून घ्या. पॅथॉलॉजी बहुधा बाहेर असते. तुकड्यांची बाटली नातेवाइकांच्या हातात देऊन लॅबला पिटाळतात. तेव्हा बाटलीवरचं नाव तपासा, द्रव फॉर्मॅलिनच (तुकडा टिकवणारं औषध) आहे ना ते विचारा आणि तुकडे वेगवेगळ्या जागांचे असतील तर बाटल्याही वेगळ्या आहेत का ते बघा. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा खराब होतो, मग सगळं पुन्हा.

आता नळी. लघवी गुलाबी सरबतासारखी दिसली तर घाबरू नका. गडद लाल, गुठळ्या, किंवा पिशवीत थेंब नाही आणि ओटीपोट फुगतंय, म्हणजे नळी तुंबली. आधी नळी कुठे दुमडली आहे का बघा; नसेल तर लगेच नर्सला बोलवा, सिरिंजने धुवावी लागते. मूत्राशय धुण्यासाठी नळीतून सलाइनची धार चालू असताना तुंबली तर आधी धार बंद करायला सांगा. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पलंगावर नाही. नळी काढल्यावर स्वतःहून नीट लघवी होईपर्यंत डिस्चार्ज घेऊच नका, बिल तयार असलं तरी. कमरेतल्या भुलीने लघवी अडू शकते आणि रात्री दोनला हे घरी कळणं म्हणजे हाल. पहिल्या एक-दोन वेळा जळजळतं, त्याला इलाज नाही.

जाताना मेट्रोने काँग्रेस नगरला उतरणं सोयीचं, पार्किंगची कटकट वाचते. येताना मात्र गाडीच करा. ई-रिक्षात प्रत्येक गतिरोधक ओटीपोटात लागतो.

घरी दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, हृदय किंवा किडनीमुळे बंधन नसेल तर. सावजी आणि तर्री-पोहे आठवडाभर बंद, आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. जोर केला की रक्त येतं. मधल्या दिवसांत सांगण्यासारखं फारसं काही नसतं. पण 10 ते 14 दिवसांच्या सुमारास आतली खपली सुटते आणि लघवी पुन्हा लाल होऊ शकते. हे फार कमी ठिकाणी सांगतात. पाणी वाढवल्यावर निवळली तर ठीक. गुठळ्या, लघवी अडणं, किंवा 100.4 अंश फॅरनहाइट आणि त्यावर ताप, विशेषतः थंडी वाजून, यात सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना.

रिपोर्टमध्ये गाठीचा प्रकार आणि ग्रेडसोबत (गाठ किती आक्रमक आहे ते) ‘मसल’ हा शब्द शोधा. तुकड्यात स्नायू आलाच नसेल, तर गाठ किती खोल गेली ते ठरत नाही आणि पुन्हा दुर्बीण लागू शकते. दुसरं मत घ्यायचं असेल तर कागदासोबत लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या.