तुम्ही विचारलंत म्हणून: पोटाचं काम आणि पाट्यांचं काम

प्रश्न बहुतेक वेळा दोन तुकड्यांत येतो. आधी, "स्वतंत्र डिझायनर म्हणजे नक्की करता काय? पोट भरतं का त्यात?" मी उत्तर देत असते तोवर समोरच्याची नजर भिंतीवर डकवलेल्या ट्रेसिंगच्या कागदांकडे जाते. मिरजेतल्या दुकानांच्या जुन्या पाट्यांवरून काढलेली अक्षरं आहेत ती. मग दुसरा तुकडा येतो, "आणि याचे पैसे कोण देतं?" कुणीच नाही, म्हटलं की गप्प होतात. लेकीला अप्लाइड आर्टला, म्हणजे उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमाला घालावं का, हे विचारायला आलेल्या एका वडिलांनी परवा तिसरा प्रश्नही विचारला, "मग बारा वर्षं रविवार घालवून तुम्हाला मिळालं काय?" त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि त्या दिवशी माझ्याकडे प्रूफ घेऊन माणूस बसलेला होता. त्यांना नीट सांगायचं राहून गेलं.

आधी पोटाचं सांगते. पुण्यात नारायण पेठेत एका खोलीत मी सोळा वर्षं एकटीने काम करते आहे. त्याआधी सहा वर्षं एका जाहिरात संस्थेत होते. ओळखीच्या लोकांना माझी मुखपृष्ठं माहीत असतात, कारण ती दुकानात मांडलेली दिसतात आणि आत कुठेतरी माझं नाव असतं. घर मात्र चालतं ते चाकण-भोसरीच्या कारखान्यांवर. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, सुरक्षेच्या पाट्या, संस्थांचे वार्षिक अहवाल, मसाल्याची पाकिटं. या कामाला मी कधीच कमी लेखलेलं नाही. यंत्र चालू असताना झाकण उघडू नका, ही ओळ रात्रपाळीच्या माणसाला आठ फुटांवरून, थकलेल्या डोळ्यांनी वाचता आली पाहिजे. ती वाचता आली नाही तर काय होईल, या विचाराने मला जितकी जबाबदारी वाटते तितकी कुठल्याही मुखपृष्ठाने वाटत नाही.

वर्षाला एक ठरलेली चाल आहे. मार्चअखेर अहवाल, एप्रिल-मे लग्नपत्रिका, गणपतीच्या आधीपासून दिवाळी अंक, मग कॅलेंडरं. पाऊस लागला की दोन महिने हात जरा मोकळा. पैसे मात्र या चालीने येत नाहीत. एका कंपनीने अहवालाचे पैसे सात महिने अडवले होते, तेव्हा मी मोडायला नको ती ठेव मोडली. त्यानंतर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घेतली. नव्याने स्वतंत्र झालेल्या प्रत्येक मुला-मुलीला मी हे पहिल्या भेटीत सांगते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी काहीही ठरलेलं असलं तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, असं 2006 चा कायदा सांगतो. 2023 च्या वित्त कायद्याने त्यात आणखी बळ भरलं. मुदतीत न दिलेले पैसे देणाऱ्याला प्राप्तिकराच्या हिशेबात, ज्या वर्षी प्रत्यक्ष दिले त्याच वर्षीच्या खर्चात धरता येतात. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून मला हिशेब विभागात फोन करावे लागतात ते निम्म्यावर आले आहेत.

तर हो, पोट भरतं. श्रीमंती नाही, पण आईचं औषधपाणी आणि खोलीचं भाडं निघून चार पैसे बाजूला पडतात.

आता पाट्यांकडे येते. त्यासाठी एक चूक सांगावी लागेल.

स्वतंत्र झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गिर्यारोहणावरच्या एका पुस्तकाचं काम आलं. मजकूर जुन्या, युनिकोड ही संगणकावरची सर्व लिपींची सामायिक पद्धत येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला होता. मी तो कन्व्हर्टरमधून काढला, पानं लावली, मुद्रितशोधकांनी आतली पानं तपासली. मलपृष्ठावरचा मजकूर घाईत माझ्याच भरवशावर गेला. छापून आल्यावर लेखकाने शांतपणे बोट ठेवलं. 'दऱ्यांतून' हवं तिथे 'दर्यांतून' छापलं होतं. दरी गेली आणि दर्या आला. हजार प्रती होत्या. र आणि य यांच्या जोडणीचे मराठीत दोन आकार होतात आणि त्यांनी अर्थ बदलतो. आचाऱ्यांना जेवणाचे पैसे द्यायचे असतात, आचार्यांना नमस्कार करायचा असतो. हे मला मराठीची विद्यार्थिनी म्हणून शाळेपासून ठाऊक होतं. डिझायनर म्हणून ठाऊक नव्हतं. तो आडव्या चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकात कुठून येतो, कुठल्या कळांनी, कुठल्या फाँटमध्ये तो धड काढलेलाच नाही, यातलं काहीही मला सांगता आलं नसतं.

मला कॉलेजात अक्षररचना शिकवली गेली ती ए, बी, सीची. उंची मोजायची ती रोमनची, जागा सोडायची ती रोमनची. देवनागरी सुलेखनाच्या तासाला होती, बोरूने गिरवायला. पण तिचा परिच्छेद कसा लावावा, वेलांटी मागच्या शब्दाला टेकू लागली तर काय करावं, उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात तेव्हा दोन ओळींत किती अंतर ठेवावं, हे शिकवणारं माझ्या वाट्याला कुणी आलं नाही. अवजारंही तशीच. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा आपल्यासारख्या लिपी नीट जुळवणारा पर्याय निवडला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. मोठमोठ्या होर्डिंगवर आजही तशी मराठी दिसते. ती पाहिली की मला राग येतो आणि वाईटही वाटतं, कारण लावणाऱ्याला कुणी हे सांगितलेलं नसतं.

या विषयाचा विचार कुणी केलाच नाही असं मात्र नाही. सुलेखनकार र. कृ. जोशींनी जन्मभर तोच केला. विंडोजबरोबर येणारा मंगल हा फाँट त्यांचा. आणि नाटकांची नावं अक्षरांतून रंगवणारे कमल शेडगे होते. लहानपणी रविवारच्या पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान बाबा वाचून झालं की माझ्याकडे द्यायचे. नाटक गंभीर आहे, ऐतिहासिक आहे की हसवणारं आहे, हे मला वाचता येण्याआधी शेडग्यांच्या अक्षरांवरून कळायचं. 2020 मध्ये ते गेले तेव्हा मी ती जपलेली कात्रणं पुन्हा काढून बसले होते. पण या माणसांसमोर बसून शिकायची संधी मला मिळाली नाही. माझ्या हाताशी होती ती माझ्या आजोळची गल्ली.

माझं आजोळ मिरजेचं. मिरज म्हणजे सतारमेकरांचं आणि डॉक्टरांचं गाव. एकीकडे तंतुवाद्यांची दुकानं, दुसरीकडे औषधांची. मामाकडे गेले असताना एका सकाळी दुकानं उघडायच्या आधी चालत निघाले. दुकानांसमोर गाड्या नव्हत्या, ऊन तिरपं पडलं होतं, त्यामुळे पाट्या पहिल्यांदा नीट दिसल्या. त्यातल्या बऱ्याच एकाच हाताच्या होत्या. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक सही. 'औषधे' मधला ध पाहून मी थांबले. ध आणि घ यांच्यात फरक करतो तो माथ्यावरचा तुटलेला भाग, आणि भ-म यांच्यातही तसंच. छपाईत शाई पसरली की ती फट आधी बुजते. या पेंटरने ती फट नेहमीपेक्षा रुंद ठेवली होती आणि ध चा माथा थोडा आत वळवून घेतला होता. रस्त्याच्या पलीकडून, एसटीतून जाणाऱ्यालाही तो ध च दिसला असता. माझी कारखान्याची पाटी आठ फुटांवरून वाचायची होती, आणि तेच गणित इथे कुणीतरी तीस-चाळीस वर्षांपूर्वी एनॅमल रंगात सोडवून ठेवलं होतं.

त्या दिवशी फोटो काढायला सुरुवात केली. नंतर ट्रेसिंग. वर्षातून चार-पाच फेऱ्या. त्या एका हाताच्या 34 पाट्या सापडल्या.

ते पेंटरकाका सापडायला तीन वर्षं गेली. ऐंशीच्या पुढचे. हात कापतो म्हणून ब्रश कधीच ठेवून दिलेला, पण बोलताना बोटं हवेत अक्षर काढतात. ते नीळ लावलेल्या दोऱ्याचा फटका मारून रेषा आखत. पण शिरोरेघ शेवटी ओढत. मला ते उलटं वाटलं. ते म्हणाले, "आधी रेघ मारली की अक्षरं दोरीवर कपडे टांगल्यागत लोंबतात, ताई. आधी त्यांना एकमेकांशेजारी नीट बसू द्यायचं. मग वरनं पांघरूण घालायचं." त्यानंतर मी मुखपृष्ठावरचं प्रत्येक नाव आधी शिरोरेघेशिवाय लावून पाहते. र आणि ण मधली पोकळी, ग च्या दोन भागांतली जागा, सगळं उघडं पडतं. हे मला सोळा वर्षांत एकाही पैसे देणाऱ्या कामाने शिकवलेलं नाही, शिकवू शकलंही नसतं. तिथे मंजुरी येते, काम संपतं आणि पुढची फाइल उघडावी लागते.

ल आणि श यांचंही तसंच. शासनाने 2009 मध्ये वर्णमाला ठरवून दिली तेव्हा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे मराठीचे आकार म्हणून सांगितले. काकांनी ते शासन निर्णय वगैरे काही न वाचता आयुष्यभर तसेच काढले. पाट्या ट्रेस करून त्या वळणाची डोळ्याला सवय झाल्यावर मला माझ्याच कामातला दंडाचा, हिंदी वळणाचा ल खुपायला लागला. मग शोधलं, तर कळलं की बऱ्याच चांगल्या फाँटमध्ये मराठीचे आकार आत दडलेले असतात. मजकुराची भाषा मराठी आहे एवढं सॉफ्टवेअरला सांगितलं की ते आपोआप येतात. एवढीशी गोष्ट. पण बघायला आधी डोळा लागतो.

पैशाचा प्रश्न विचारलात म्हणून हेही सांगायला हवं. 2022 मध्ये राज्याच्या दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षरं इतर लिपीहून लहान चालणार नाहीत असंही ठरलं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि त्या दोन महिन्यांत माझा फोन थांबला नाही. इंग्रजी लोगोशी नातं सांगणारं मराठी नाव हवं होतं सगळ्यांना, आणि ते काढता येणारी माणसं थोडी होती. ते काम मी करू शकले ते मिरजेमुळे. पण मी हे पुरावा म्हणून सांगत नाही. ती मुदत आली नसती तरी मी ट्रेसिंग करत राहिले असते. शिवाय त्याच घाईने माझं नुकसानही केलं. ढोलकी-तबल्याच्या एका दुकानाची काकांनी रंगवलेली पाटी मी पुढच्या फेरीला टिपणार होते. डिसेंबरात गेले तर तिच्या जागी चकचकीत फ्लेक्स ठोकलेला होता. जुना पत्रा भंगारात गेला होता.

बिनपैशाचं दुसरं एक काम भिंतीवर दिसत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी विचारत नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंबांच्या वेळा तिला कळाव्यात म्हणून एक तक्ता केला. मोठी अक्षरं, सकाळ-दुपार-रात्र ठळक, ध ची फट रुंद. शेजारच्या आजींनी मागितला, मग त्यांच्या बहिणीने. आता कुणीही मागितलं की मी फाइल पाठवते. त्यातलं प्रत्येक अक्षर मिरजेच्या औषधांच्या दुकानांवरून आलेलं आहे.

त्या मुलीच्या वडिलांना मी आता असं सांगेन: तिला घाला. फक्त तिचे रविवार तिचे तिला राहू द्या. मराठीत काम करायचं असेल तर बरंचसं शिक्षण अजून वर्गाबाहेर आहे, रस्त्यावर आहे, म्हाताऱ्या माणसांच्या बोटांत आहे, आणि ते गोळा करायचे पैसे तिला कुणी देणार नाही.

काकांची वर्णमाला पुरी करायचं मनात आहे. छ मिळाला तो 'छत्र्या दुरुस्त करून मिळतील' वर. झ मिळाला तो पत्र्याच्या एका बंद टपरीवर. 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर द्यायची योजना आली होती, त्या वेळची. द्य मिळाला वाद्यांच्या दुकानावर. ढ मात्र त्या ढोलकीच्या दुकानाबरोबर गेला. मग त्यांच्या ड वरून आणि ट च्या वळणावरून मी तो अंदाजाने काढला, तीन आठवडे घासला आणि गेल्या महिन्यात त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पोट लई मोठं झालंय बघा," ते म्हणाले. माझ्या हातातली पेन्सिल घेतली, मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि आतली गाठ दोन सूत वर नेऊन दाखवली.

रेघ थरथरलेली आहे, पण गाठ कुठे हवी ते स्पष्ट दिसतं. येत्या रविवारी त्यावरून नवा ढ काढायला घेते.