त्रयोदशीची भरती

माघ शुद्ध त्रयोदशी होती. मला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी सगळा हिशेब तिथीवरच होता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तेराची पाऊणपट पावणेदहा. आणि मावशींची हाक आली तेव्हा साडेसहा वाजले होते.

"अरे, कुत्री काय उकरतायत बघ तिकडं!"

मी दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर कासवमित्र आहे. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालून जातात. आम्ही पहाटे माग काढतो, काही तासांच्या आत अंडी उचलतो आणि जाळी लावलेल्या हॅचरीत पुन्हा पुरतो. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं हे काम सुरू केलं, मग इतर गावांतही पोचलं. आमची संस्था लहान, चार देणगीदारांवर चालते. माझं मानधन, टॉर्चचे सेल, हॅचरीची जाळी, सगळं त्यातूनच. माझे वडील लहानपणी हीच अंडी उकडून खायचे, आणि अजूनही चव सांगतात. काय बोलणार?

कुत्री हाकलली. चार-पाच अंडी फुटली होती. एक उचलायला हात घातला आणि तसाच थांबलो. अंड्यावर खडूसारखा पांढरा डाग होता.

ताजं अंडं सगळीकडून सारखं दिसतं. आत जीव वाढायला लागला की तो वरच्या बाजूला कवचाला चिकटतो आणि तिथं हा डाग उमटतो. त्यानंतर अंडं फिरलं, उलटं झालं, की आतलं पिल्लू तुटून मरतं. म्हणून नियम असा, की उचलायचं तर पहिल्या काही तासांत, नाहीतर हात लावायचा नाही. हे घरटं काही दिवसांचं होतं आणि मला ते दिसलंच नव्हतं.

कधीचं, ते लगेच कळलं. अष्टमीच्या रात्री मी चुलत भावाच्या हळदीला होतो. सकाळी किनाऱ्यावर पोचलो आठ वाजता. तोवर खालचा माग भरतीनं पुसला होता आणि वरचा पर्यटकांच्या गाड्यांनी. वाळूवर गाडी घालणाऱ्यांना मी एरवी भांडतो. त्या दिवशी मात्र भांडायला तोंड नव्हतं.

रात्रीच्या पाण्याची ओल घरट्यापासून दोन हातांवर आली होती. पौर्णिमेपर्यंत पाणी वरच चढणार. ठेवलं तर अंडी बुडणार, उचललं तर बहुतेक मरणार. वनरक्षक भाऊंना फोन लावला. ते खाडीपलीकडून येईपर्यंत सव्वासात झाले. बघून म्हणाले, "उचला. पण एकही फिरता कामा नये."

खूण करायला पेन्सिल हवी होती. माझ्या खिशात बॉलपेन, त्याचं टोक मऊ कवचात रुतेल अशी भीती. शेवटी मावशींच्या नातवानं दप्तरातून पेन्सिल काढून दिली. वाळू चमच्यानं बाजूला करायची, अंडं दिसलं की जागेवरच वर फुली मारायची, दोन बोटांनी सरळ उचलायचं, बादलीतल्या ओल्या वाळूवर फुली वर ठेवायची. घरटं माठासारखं, वर तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं. हात खांद्यापर्यंत आत, गाल वाळूला टेकलेला. तळाकडची अंडी दिसतच नव्हती, ती चाचपून काढली. फुली कुठं मारायची हे तिथं अंदाजानंच.

सत्त्याण्णव निघाली. हॅचरी अर्धा किलोमीटर लांब. मोटरसायकल होती, पण धक्का नको म्हणून बादल्या हातात धरून चालत नेल्या, तीन खेपा. नातू शाळा बुडवून पुढं पुढं वाटेतले दगड बाजूला करत होता. शेवटची बादली उचलली तेव्हा नऊ वाजून गेले होते, आणि मागं वळून पाहिलं तर रिकाम्या खड्ड्यात पाणी शिरत होतं. हॅचरीत तेवढाच खोल, तसाच माठासारखा खड्डा हातानं केला आणि सगळ्या फुल्या वर ठेवून अंडी लावली.

मग वाट पाहणं. घरट्यावर झाकलेली टोपली रोज उचलायची, पुन्हा ठेवायची. पन्नासावा दिवस गेला. गुढीपाडवाही गेला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीखाली वाळू हलत होती. संध्याकाळपर्यंत अडतीस पिल्लं आली. नातवाला बोलावलं. पाण्यापासून थोडं अलीकडं सोडली, चालत जाऊ दिली.

नंतर नियमाप्रमाणे घरटं उकरून न उबलेली अंडी मोजायची असतात. एकोणसाठ. पेन्सिलीच्या फुल्या तशाच होत्या. तळाची जवळजवळ सगळी त्यात होती.

देणगीदारांना पाठवायच्या तक्त्यात प्रत्येक घरट्याची एक ओळ असते. शेवटचा रकाना 'न उबण्याचे कारण'. मी आधी 'हळद' लिहिलं. मग खोडून 'घरटे उशिरा सापडले' असं केलं.