शिळं कुणाच्या ताटात?

स्वयंपाकाच्या वर्गात, लग्नाच्या पंगतीत, कधी एसटीत शेजारी बसलेल्या बाईंकडूनही मला एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्याकडे शिळं खातात का हो?" पाठोपाठ त्यांच्या घरची हकिगत येते. नवऱ्याला सकाळची भाजी रात्री चालत नाही. सासूबाई चार घास वरणसुद्धा वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवतात आणि टाकू देत नाहीत. मुलगा कालचा पिझ्झा आवडीने खातो, कालची पोळी मात्र नको. यात बरोबर कोण, हे त्यांना माझ्याकडून हवं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे खातात. सगळे नाही खात, आणि जे खात नाहीत त्यांना कुणी आग्रह करत नाही.

माझं माहेर बार्शीकडचं, ज्वारीच्या मुलखातलं. रात्रीची भाकरी सकाळी दह्यात कुस्करायची, वर शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा, ही आमची न्याहारी. शेतावर जाणारी माणसं तेवढ्यावर दुपारपर्यंत राबायची. सोलापूरकडे तर भाकरी मुद्दाम वाळवून कडक करतात, ती कित्येक दिवस टिकते, आणि आता पाकिटातून विकायलाही असते. आजी घरात तुकडा वाया जाऊ द्यायची नाही. तिने 1972 चा दुष्काळ काढला होता. दुष्काळी कामावर खडी फोडली होती, रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली होती, कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणली होती. अन्न टाकताना तिचा हात थरथरायचा, हे मी पाहिलं आहे.

माझे सासरे मात्र शिळ्या भाकरीला हात लावत नसत. मराठवाड्यातल्या एका खेड्यात, गावकुसाबाहेर त्यांचं लहानपण गेलं. सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांची आई टोपली घेऊन गावात जायची. घरोघरचं उरलेलं त्या टोपलीत वरून पडायचं, हात लागू न देता. पोळी, भात, कालवण सगळं एकत्र. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडून द्यायला सांगितलं होतं. सासऱ्यांनी नोकरी लागल्या दिवसापासून ते पाळलं. थोडं रांधा, पण ताजं रांधा, हा त्यांचा नेम. त्यासाठी ते रोज स्वतः वाटीने तांदूळ मोजून द्यायचे, त्यामुळे त्यांच्या घरात वायाही फारसं जात नसे. एखाद्या रात्री अचानक पाहुणे आले आणि भाकरी कमी पडली, तर ते ताक पिऊन झोपायचे. सकाळची भाकरी घ्या, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि म्हणूही नये.

म्हणून शिळं न खाणाऱ्याला कुणी माजोरडा म्हटलं की मला राहवत नाही. कुणाच्या नकारामागे काय आहे, ते ताटावरून कळत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायाचा दाखला देऊन शिळं तामसी ठरवणारेही भेटतात. मग सकाळी सहाला भरलेला डबा एक वाजता उघडणाऱ्या सगळ्यांनाच त्यात धरावं लागेल. शितळासप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं जेवायची रीतही आपलीच आहे.

मला खरी चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. आजी इतक्या निगुतीने जे राखायची ते कुणाच्या पोटात जायचं? माझ्या आईच्या. वडिलांना, काकांना, आम्हा पोरांना तव्यावरची भाकरी. आई सगळ्यांच्या मागून बसायची आणि तिच्या ताटात कालची भाजी, करपलेली भाकरी, पातेल्याच्या तळाचा भात. "मला चालतं," म्हणायची. वर्षानुवर्षं चालवून घेतलं तिने. आज माझ्या वर्गात येणाऱ्या बायका "उरलेल्याचं काय करू" असं विचारतात, तेव्हा बहुतेकींना म्हणायचं असतं की मी एकटीने किती संपवू. त्यांच्या घरात शिळं खातात असं म्हणणं खोटंच आहे. तिथे फक्त ती बाई शिळं खाते.

आमच्या घरी उरलेलं टेबलाच्या मधोमध येतं, झाकण काढून, ताज्याच्या शेजारी. ज्याला हवं तो घेतो. ओट्याशी उभं राहून कुणी एकटीने ते संपवायचं नाही. असं चार दिवस केलंत की कणीक किती भिजवायची याचा अंदाज सगळ्या घरालाच येतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 च्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला सुमारे 55 किलो अन्न वाया जात असल्याचा अंदाज दिला आहे. तो कमी व्हायचा तर सुरुवात तांदूळ मोजण्यापासून करावी, बाईच्या पोटापासून नव्हे.

बाकी रूप बदललं की खाणारे वाढतात, हे खरं. माझा नवरा कालची पोळी खात नाही, पण तिचा गूळ-तूप घातलेला लाडू खातो, फोडणीची पोळी तर मागून घेतो. उरलेल्या वरणात कणीक मळून केलेली थालीपिठं खुसखुशीत होतात. गोव्यात आदल्या दिवशीची माशांची कढी मंद आचेवर आटवून सकाळी पावाबरोबर खातात, ती 'कालची कडी' काही लोकांना ताज्याहून जास्त आवडते. मलाही.

भाताला मात्र जपा. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर तासन् तास राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं एक विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. शिजल्यावर तास-दोन तासांच्या आत भात पसरट भांड्यात निववून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी चांगला वाफाळून संपवा. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला फोडणी देऊ नका, मग घरात आजी असो की आजेसासूबाई.

आणि कामाला येणाऱ्या ताईंना शिळं द्यावं का, हेही बऱ्याचजणी हळू आवाजात विचारतात. जे आज रात्री तुम्ही स्वतः जेवणार आहात, तेच विचारा, आणि ते चांगलं असतानाच विचारा. तीन दिवस फ्रीजमध्ये पडलेलं, तुमच्या मुलाने नाकारलेलं, पिशवीत भरून हातात देऊ नका. ती टोपली माझ्या सासऱ्यांनी पाहिली होती. आमच्या ताईंना आमटी आवडते, ती त्या स्वतः डब्यात भरून घेतात. भाजी नको म्हणतात तेव्हा मी दुसऱ्यांदा विचारत नाही.