उद्यमबागच्या फाउंड्रीने मिळवून दिलेली कामं

आषाढ लागला की लग्नांचे मुहूर्त थांबतात. मग तुळशीच्या लग्नापर्यंत माझ्यासारख्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे बारशी आणि वाढदिवस, एवढंच उरतं. त्या रिकाम्या दिवसांत मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, जायला लागलो. मित्र तिथे सुपरवायझर, मालकांची परवानगी त्यानेच काढली. पैशाचा विचार नव्हता. मला तिथला उजेड हवा होता. लग्नाच्या स्टेजवर सगळीकडे झगझगाट, तर इथे अंधारी शेड आणि मधोमध सुमारे १४०० अंशांचा लोखंडाचा रस. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर रसाचा नुसता पांढरा डाग दिसतो. म्हणून उजेड रसावर मोजायचा, बाकी शेड काळोखात जाऊ द्यायची आणि ओततानाच्या झळाळीत चेहरे जेवढे उजळतील तेवढेच घ्यायचे.

"लगीन न्हाई, कार्य न्हाई, कशाला फोटो काढालास रे?" मच्छे गावचे एक कामगार मामा रोज विचारायचे. त्यांना प्रिंट काढून दिली, ती त्यांनी शेडच्या पत्र्याला चिकटवली.

इन्स्टाग्रामवर लाइक भरपूर आले, काम एकही नाही. काम आलं ते पत्र्यावरच्या त्या प्रिंटमुळे. कास्टिंग (ओतून केलेले भाग) न्यायला आलेल्या एका मशिन शॉपच्या मालकांनी ती बघितली आणि मित्राकडून माझा नंबर घेतला. त्यांना कॅटलॉग करायचा होता. मी लग्नाचे अल्बम पुढे केले, तर म्हणाले, "हे राहू दे, भट्टीचे आणखी दाखवा."

दर ठरवताना मात्र लग्नाचं पॅकेज उपयोगाचं नव्हतं. दिवसाचे पैसे वेगळे, एडिटिंगचे वेगळे, आणि फोटो कुठे, किती काळ वापरणार त्याचे वेगळे, अशी मांडणी केली. निम्मी रक्कम आगाऊ. हे कागदावर हवंच, कारण १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काम देणाराच ठरतो, वेगळा करार नसेल तर. स्वतःच्या हौसेने काढलेल्या फोटोंचा हक्क आपलाच असतो. ज्या कामगारांचे चेहरे कॅटलॉगमध्ये येणार, त्यांच्या संमतीचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हींत केला. गिऱ्हाइकांच्या ड्रॉइंगवरून बनणारे कुठले पार्ट फोटोत नकोत, तेही आधीच विचारून घेतलं. कारखानदार या बाबतीत फार जपून असतात, आणि बरोबरच आहे.

पुढे त्यांच्याच ओळखीतल्या एका पंप बनवणाऱ्या कारखानदारांनी फाउंड्रीतले जुने फोटो वेबसाइटसाठी मागितले. "काढलेलेच आहेत की, त्याचे कसले पैसे?" असं ते म्हणाले. मी फाउंड्रीच्या मालकांना आणि मामांना चालेल का ते विचारलं, मग वर्षभराच्या वापराची रक्कम सांगितली. थोडी घासाघीस झाली, पण दिली. प्रदर्शनाच्या पोस्टरला तेच फोटो लागले तर वेगळे पैसे, हे मी त्याच कागदावर लिहून घेतलं.