तुमचे स्कोन दगड का होतात

महिन्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. कधी सांगलीची मावसबहीण, कधी बायकोची शाळेतली मैत्रीण, कधी लंडनचं एखादं मराठी जोडपं, जे उन्हाळ्यात आमच्याकडे चहाला येऊन गेलेलं असतं. प्रश्न एकच, स्कोनचा, म्हणजे इथे चहाबरोबर खातात त्या ओव्हनमध्ये भाजलेल्या छोट्या, जाडसर, बिनयीस्टच्या पावाचा. “तुमच्याकडे खाल्ले तसे स्कोन घरी करायला गेलो. सगळं मापात घेतलं होतं, तरी दगड झाले. असं का?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, उत्तर एका शब्दाचं आहे : मळता म्हणून. पण एवढ्यावर भागत नाही. पलीकडून लगेच ऐकू येतं, “छे, फार कुठे मळलं? जेवढ्यास तेवढं.” हे ‘जेवढ्यास तेवढं’ मी चांगलं ओळखतो. ते माझ्या आईचं आहे.

आम्ही मूळचे तासगावचे. गेली चौदा वर्षं इंग्लंडात, डेव्हनमधल्या एक्सेटरला राहतो. आई पहिल्यांदा आली तेव्हा जून महिना होता. रविवारी दुपारी मी स्कोन करायला घेतले. मैद्यात लोणी चोळून झालं, दूध घातलं, सुरीने कालवलं आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. पार्सल होतं. सही करून, दोन शब्द बोलून परत आलो, तर ओट्यावर परातीत एक सुरेख गोळा. (परात आईने बॅगेतून आणली होती, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.) पांढराशुभ्र, गुळगुळीत, बोट लावलं तर हळूच वर येणारा. वर ओलं फडकं सुद्धा टाकलेलं. “पीठ तसंच टाकून गेलास. म्हटलं, जरा तिंबून ठेवावं.”

ते स्कोन भाजल्यावर जेमतेम बोटभर जाडीचे राहिले. वरून ताणलेले, कडेने घट्ट. ताटलीत टाकले तर आवाज आला. आई म्हणाली, “कच्चे राहिले बहुतेक.” कच्चे नव्हते. व्यवस्थित भाजले होते.

चूक आईची नव्हती. साठ वर्षं ज्या हाताने कणीक तिंबली त्या हाताला ओबडधोबड पीठ बघवत नाही. आपण कणीक का तिंबतो? पोळी लाटताना फाटू नये, ताणली जावी म्हणून. गव्हाच्या पिठाला पाणी लागलं आणि वर हात फिरला की त्यातल्या प्रथिनांची चिवट जाळी होते. तेच ते ग्लुटेन. पोळीला ती जाळी हवी. पावाला तर हवीच हवी, कारण यीस्ट तासन् तास हळूहळू वायू सोडत बसतं आणि तो त्या जाळीत कोंडून राहतो. स्कोनमध्ये यीस्ट नाही, बेकिंग पावडर आहे, आणि ओव्हनमध्ये तिचा सगळा जोर पहिल्या काही मिनिटांचा. तेवढ्यात तिने पीठ वर ढकललं तर ढकललं. समोर तिंबून घट्ट केलेली जाळी असेल तर ती बिचारी काय करणार?

हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा करायला घेतले. मैद्यात गार लोण्याचे तुकडे टाकून बोटांच्या टोकांनी चोळत होतो, पीठ वर उचलून पुन्हा भांड्यात सोडत होतो. आईने मध्येच भांड्यात हात घातला, मूठ वळली, मुटका झाला. अंगठ्याने दाबून तो फोडला आणि म्हणाली, “हे मोहनच की रे.”

तोवर मला हे कधी सुचलं नव्हतं. मी ज्यांच्याकडे शिकलो त्या आमच्या पहिल्या घरमालकीणबाईंनी त्याला दिलेलं नाव इंग्रजी होतं, त्यामुळे ते काहीतरी निराळं आहे असं मी धरून चाललो होतो. पण आहे ते मोहनच. फरक एवढाच, आणि तोच महत्त्वाचा, की शंकरपाळ्याला आणि करंजीला आपण मोहन कडकडीत घालतो आणि इथे ते गार. गरम तूप पिठाच्या कणाकणाला लागतं, म्हणून करंजीची पारी सगळीकडून सारखी खुसखुशीत होते. स्कोनमध्ये लोणी असं सगळीकडे लागायला नकोय. बरंचसं लागावं, पण थोडं ज्वारीच्या दाण्याएवढं तसंच राहावं. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. ओव्हनमध्ये तो दाणा वितळतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तो होता तिथे एक बारीक पोकळी राहते. स्कोन हाताने उघडला की मधून पदरापदराने सुटतो तो त्यामुळे. “म्हणजे चिरोट्याचा साटा,” आई म्हणाली. अगदी तसं नाही, साटा आपण शिस्तीत लावतो आणि इथे सगळा दैवाचा कारभार. पण समजायला पुरे.

आता माप. २२५ ग्रॅम मैदा, चहाचे तीन सपाट चमचे बेकिंग पावडर, ५५ ग्रॅम लोणी, मिक्सरमधून एकदा फिरवलेली ३० ग्रॅम साखर, मूठभर बेदाणे. दूध आधी १२० मिलिलिटर. मैदा ओढून घेईल तसं पुढे चमच्या-चमच्याने आणखी दोन-तीन चमचे. लोणी अमूलसारखं खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका, बिनमिठाचं असेल तर चिमूटभर घाला. एवढ्यात सात-आठ होतात.

दूध घातल्यावरचं एक मिनिट सगळ्यात अवघड. जेवणाच्या टेबलावरची साधी सुरी घ्यायची आणि कापल्यासारखं दहा-बारा वेळा फिरवायचं. कुठे कोरडं पीठ दिसेल, कुठे चिकट लगदा. हात शिवशिवतील. त्या क्षणी हात आवरला की निम्मं काम झालं. ओट्यावर थोडा मैदा भुरभुरा, लगदा त्यावर ओता, दोन्ही बाजूंनी गोळा करून एकदाच घडी घाला, एकदा वळवून पुन्हा घडी, आणि तळव्याने हलकेच थोपटा. थालीपीठ थापताना जेवढा जोर लावता त्याच्या निम्म्याहून कमी. झालं. भेगा पडल्या असतील, कडा फाटल्या असतील. असू देत. वर भेग नसलेला स्कोन दिसला की मला करणाऱ्याची शंका येते.

लाटणं काढूच नका. दुसरी मोठी चूक इथेच होते. लाटणं हातात आलं की मराठी माणूस पातळ करतोच. जाडी अडीच सेंटीमीटर हवी, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. पातळ थापलेला स्कोन फुगून दुप्पट झाला तरी पातळच. कापायला स्टीलची वाटी किंवा पेला लोक वापरतात. त्याची कड बोथट असते, पीठ कापलं न जाता चेपलं जातं आणि कडेचे पदर एकमेकांना चिकटतात. त्यापेक्षा धारदार सुरीने सरळ खाली दाबत चौकोन कापा. आमच्या घरमालकीणबाई तर गोल थापून पिझ्झासारखे त्रिकोण कापायच्या. वरून दुधाचं बोट फिरवा, पण ते कडेने ओघळू देऊ नका. ट्रेमध्ये जवळ जवळ ठेवा, एकमेकांच्या आधाराने सरळ वर चढतात.

ओव्हन २२० अंशांवर, बारा ते चौदा मिनिटं. ओटीजी असेल तर निदान पंधरा मिनिटं आधी लावून ठेवा, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू. कोमट ओव्हनमध्ये लोणी आधी वितळून वाहतं आणि पीठ मागाहून फुगायला बघतं. तोवर उशीर झालेला असतो.

आता सांगलीच्या बहिणीची खरी अडचण. ती म्हणते, “दादा, तुझं गार लोणी तुझ्या एक्सेटरला. इथं एप्रिलमध्ये फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवेपर्यंत त्याचं तूप होतंय.” बरोबर आहे. बोटांनी चोळायचंच नाही मग. लोण्याची वडी तासभर फ्रीझरमध्ये ठेवायची आणि गाजर किसतो त्या किसणीने थेट मैद्यात किसायची. मैदा भांड्यासकट आधी अर्धा तास फ्रिजमध्ये. दूधही गारच. आणि हा उद्योग सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. दूध घालण्याआधी मिश्रण मऊ वाटलं तर भांडं पुन्हा फ्रिजमध्ये ढकला आणि चहा घेऊन या. दूध घातल्यावर मात्र थांबू नका, बेकिंग पावडर ओली झाली की तिचं काम सुरू झालेलं असतं.

बहिणीचा बेकिंग पावडरचा डबा जुना निघाला, हेही एकदा कारण होतं. दिवाळीत आणलेली पावडर पुढच्या दिवाळीपर्यंत उघडझाप करत वापरायची आणि वर स्कोनला दोष द्यायचा. अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली नाही तर फेकून द्या. ही बेकिंग पावडर १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने केली, बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. तिला अंडंही सोसत नव्हतं, त्यासाठी त्याने आधीच, १८३७ मध्ये, बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली होती. म्हणजे आपल्या लग्नांतलं फ्रूट कस्टर्ड आणि आजचा फुगलेला स्कोन, दोन्हींच्या मागे एकाच बाईचं पोट आहे. त्याआधी स्कॉटलंडात स्कोन तव्यावर भाजत, ओट किंवा जवाच्या पिठाचे, चपटे. भाकरीचे चुलतभाऊच ते.

स्कोन म्हणायचं की स्कॉन, हेही विचारतात. काहीही म्हणा, इथले लोकही भांडतातच. उत्तरेकडे आणि स्कॉटलंडात बहुतेक सगळे स्कॉन म्हणतात. त्याच स्कॉटलंडात ह्याच स्पेलिंगचं एक गाव आहे, त्याचा उच्चार स्कून. सोडून द्या.

याहून मोठं भांडण जॅमचं. टेमर नदीच्या अलीकडे आम्ही डेव्हनवाले, पलीकडे कॉर्नवॉल. डेव्हनमध्ये स्कोनवर आधी क्लॉटेड क्रीम आणि मग स्ट्रॉबेरी जॅम. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. हा वाद लोक मिसळीच्या रश्श्याच्या तिखटपणावर घालतात तेवढ्याच निष्ठेने घालतात. मी डेव्हनचं मीठ खातो, तेव्हा माझं मत उघड आहे.

क्लॉटेड क्रीम आईने पहिल्यांदा चमच्याने उचललं, वरचा पिवळसर सुरकुतलेला पापुद्रा बाजूला केला आणि म्हणाली, “साय आहे.” डबा फिरवून किंमत बघितली आणि पुन्हा म्हणाली, “साय आहे रे ही!” जवळपास तेच. दूध किंवा क्रीम पसरट भांड्यात कित्येक तास मंद आचेवर ठेवायचं, मग हळूहळू गार होऊ द्यायचं, की वर हा थर धरतो. कॉर्नवॉलच्या क्लॉटेड क्रीमला १९९८ मध्ये युरोपात नावाचं संरक्षण मिळालं, त्यात निदान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. तुमच्याकडे म्हशीचं दूध असेल तर ही चैन फुकटात आहे. आजचीच साय घ्या, साठवलेली नको, तिला आंबूस वास येतो. किंचित साखर घालून चमच्याने दोनदा फेटा. बाजारातली फवाऱ्याची क्रीम आणू नका. ती हवा आहे.

आणि बेदाणे. इथल्या दुकानात स्कोनसाठी ‘सुलताना’ मिळतात, बहुतेक तुर्कस्तानातल्या. गोड स्कोनमध्ये ह्याच घालायच्या अशी इथली रीत. पहिली काही वर्षं मीही मुकाट्याने त्याच घालत होतो. मग आईने तासगावहून दोन किलो बेदाणा आणला. जुन्या साड्यांच्या पिशवीत गुंडाळलेला, हिरवट, लांबट, आमच्या मामांच्या शेडमधला. सुलताना आणि आपल्याकडची थॉमसन सीडलेस हा मुळात एकच वाण, हे मला नंतर कळलं. तिकडची द्राक्षंही वाळवण्याआधी पोटॅशच्या पाण्यात बुडवतात आणि मामाही डिपिंग करूनच जाळीवर टाकतात. चवीत मात्र फरक आहे. सुलताना नुसती गोड, तासगावच्या बेदाण्याला मागे किंचित आंबट धार. साय-जॅमच्या गोडात ती धार बरी वाटते. घालण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा आणि फडक्यावर नीट कोरडे करा, नाहीतर वरचे बेदाणे जळून कडू होतात. आमच्या जुन्या घरमालकीणबाईंना एक पुडी नेऊन दिली. आता दर नाताळाआधी त्या आडून आडून विचारतात, आई कधी येणार आहे.

मागच्या रविवारी सकाळी सव्वासातला, म्हणजे माझ्या रात्री पावणेतीनला, सांगलीहून फोटो आला. सकाळी उठून पाहिला. सात स्कोन, दोन डावीकडे कललेले, एकाची वरची भेग इतकी मोठी की आतला बेदाणा बाहेर डोकावतोय. फुगलेले. मी फोन लावला.

“वाकडे का झाले रे दादा?”

“वाकडेच असतात.”

“बरं. साय संपली होती. ह्यांनी आणि पोरांनी चहात बुडवून खाल्ले सगळे.”

अख्ख्या डेव्हनमध्ये मी आजवर कुणाला स्कोन चहात बुडवताना पाहिलेलं नाही. खिडकीतून घरमालकीणबाईंच्या जुन्या घराचं धुराडं दिसत होतं. मी आवाज जरा खाली आणला.

“चालतंय की.”